जिना नसलेला मजला

२ मार्च १९५४

पोचले एकदाची ऑकर्लीला! एक्झेटरहून सुटलेली बस वाटेत दोनदा मेंढ्यांसाठी थांबली आणि शेवटच्या चढावर ड्रायव्हरने आम्हा सगळ्यांना उतरवून चालायला लावलं, तरी मला राग आला नाही. आज रागवायचंच नाही असं ठरवून निघाले होते. ब्रिस्टलच्या ऑफिसात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सहीखाली शाळांची गटारं आखली. हे पहिलं काम माझ्या स्वतःच्या नावावर आहे. एनिड लॅशम, वास्तुरचनाकार. आणि काम कसलं, तर सहाशे वर्षं जुन्या मॅनर हाऊसचं, जहागिरदाराच्या वाड्याचं!

घर दरीच्या तळाशी आहे. भोवतीचा खंदक अर्धा बुजलाय, उरलेल्यात बदकं राहतात. मधोमध मोठं दालन, एका टोकाला मालकांच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि कोठ्या. दाराची दगडी कमान इतकी रेखीव, की बॅग खाली ठेवायच्या आधी मी तिच्यावरून हात फिरवला. बाहेरून पाहिलं तर दालनाचं छप्पर साऱ्या घरात उंच. आत शिरावं तर डोक्याला लागेल की काय असं बुटकं लाकडी छत. यात नवल नाही. पूर्वी जाळ दालनाच्या मधोमध जमिनीवरच असायचा आणि धूर छपरातल्या झरोक्यातून जायचा. पुढे लोकांना धुराचा कंटाळा आला, त्यांनी भिंतीत धुराडी बांधली, मध्ये मजला घातला आणि वर झोपायच्या खोल्या केल्या. तो मजला काढून दालन पुन्हा छपरापर्यंत मोकळं करायचं, एवढंच माझं काम.

मालकीणबाई मिसेस सिबिल डॅकम. विधवा, मूळच्या बर्मिंगहॅमच्या, बटणांच्या कारखानदाराच्या घरात वाढलेल्या. जेवताना माझ्या ताटात तिसऱ्यांदा बटाटे वाढत म्हणाल्या, "जूनमध्ये, व्हिटसनच्या सणाच्या सोमवारी सगळ्या कुळांना दालनात चहाला बोलवणार आहे मी. मागच्या शंभर वर्षांत या घराने कुणाला कप दाखवला नाही. तुम्ही तेवढं छत उडवा बघू!"

उडवते म्हटलं. पलंग मऊ आहे. झोप येतेय.

४ मार्च

वर जायला जिना नाही.

सकाळपासून शोधतेय. मालकांच्या बाजूने नाही, स्वयंपाकघराच्या बाजूने नाही, भिंतीत बुजवलेल्या दाराची खूणही नाही. लोक मजला घालतात तो वापरायला. इथे कुणीतरी अख्ख्या दालनावर ओकच्या जाड फळ्यांचा मजला घातला आणि वर पोचायची सोयच ठेवली नाही. मालकांच्या वरच्या खोलीतून दालनात डोकावायला भिंतीत एक उभी फट आहे. मालकाने वरूनच खाली कोण काय करतंय ते पाहायचं, अशी ती जुनी सोय. तीसुद्धा मजल्याच्या खालच्या अंगाला उघडते. मजल्याच्या वर काय आहे ते बघायला कुठूनही जागा नाही.

आणखी एक गोष्ट डोक्यात जाते. या घरात दालनातून कुणी जातच नाही. स्वयंपाकीणबाई, मिसेस लव्हरिंग, मालकीणबाईंचा नाश्ता अंगणातून वळसा घालून आणतात. आज पावसात भिजलेले टोस्ट खाल्ले. मधून का येत नाही विचारलं, तर म्हणाल्या, "सवय आहे, मिस." सवय!

११ मार्च

सुतार एकदाचा उगवला. एली व्हिडन. सोमवारी येतो म्हणाला होता, आज गुरुवार. मला 'पोरी' म्हणतो. मी त्याला दोनदा सांगितलं की मी मिस लॅशम आहे. "बरं पोरी," म्हणाला.

माणूस कामाचा आहे, पण तोंड बंद ठेवत नाही आणि प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. मजला कशाला घातला? सफरचंदं साठवायला. मग सफरचंदं वर न्यायची कशी? फेकून. फटी का बुजवल्यात? उंदरांसाठी. फटींबद्दल मात्र मलाही विचार पडलाय. फळ्या दुहेरी आहेत आणि दोन फळ्यांमधली प्रत्येक फट लोकर आणि डांबर ठासून भरलेली आहे. जहाजाचा तळ करतात तशी. पाणी वर असलं तर खाली गळू नये म्हणून करावं, असं. पण वर पाणी कुठून येणार?

मिसेस डॅकमना आता दालनात वादकांना बसायला उंच गॅलरी हवी आहे. शेजारच्या मॅनरमध्ये आहे म्हणे. मी म्हटलं, इथे ती कधीच नव्हती. त्या म्हणाल्या, "नव्हती म्हणून काय झालं? शोभेल की नाही?" संध्याकाळभर हेच. रागवायचं नाही ठरवलं होतं, ते विसरले.

२४ मार्च

आज पहिली फळी काढली. इतके दिवस का लागले? व्हिडनची पाठ, मग व्हिडनच्या सासूचं बारसं की बारावं ते मला नीट कळलं नाही, मग चार दिवस पाऊस, मग मिसेस डॅकम म्हणाल्या की आधी पडद्यांचा रंग ठरू दे. पडद्यांचा! मी खोलीत जाऊन उशीवर बुक्के मारले.

फळी सुटता सुटेना. व्हिडनचा मेव्हणा सायलस पहार लावून लोंबकळला तेव्हा कुठे हलली. आणि हलली तशी भोकातून हवा खाली आली. वाऱ्यासारखी आली नाही, माणसाने धरून ठेवलेला श्वास सोडावा तशी आली. वास धुराचा, आणि ओल्या गवताचा. जुना, थंड धूर. तिघेही खोकत अंगणात पळालो. व्हिडन म्हणाला, "सफरचंदं सडलीत."

२६ मार्च

वर गेले. छप्पर पाहिलं. सकाळची वेळ, हातात दोन दिवे.

असं छप्पर मी जन्मात पाहिलं नाही. प्रचंड आडव्या तुळया, त्यांवर धनुष्यासारखे वाकवलेले ओक, आणि सगळं काजळीने काळंभोर, मखमलीसारखं. मधल्या जाळाची काजळी ती. धुराडं बांधल्यावर कुणी हात लावलेला नाही. शिखरावर धुराचा झरोका आहे, त्याला लाकडी झडप. झडप बंद आहे. खिळ्यांची टोकं आत आलीत, म्हणजे ती बाहेरून ठोकली आहे.

आता जे पाहिलं ते नीट लिहायला हवं. काजळीवर हात आहेत.

आधी मला वाटलं रंधा फिरवलाय. मग दिवा जवळ नेला. खांबाच्या पायापासून वरपर्यंत काजळी घासलेली आहे, कुणी पोटाने घसटत चढावं तशी. तुळईवर पंजे उमटलेत. झरोक्याभोवती तर लाकूडच दिसतं, काजळी उरलीच नाही, नुसते ओरखडे. नखांचे. मोठे हात आहेत, बायकांचे आहेत. एक माझ्या तळव्याच्या खळग्यात मावेल एवढा आहे. तो सगळ्यांत वर आहे. कुणीतरी त्याला उचलून धरलं असणार.

लोक इथे चढले होते. खाली धूर होता आणि ते बाहेर पडायला झरोक्याकडे चढले, आणि झडप बाहेरून ठोकलेली होती.

खाली येऊन खंदकाच्या पाण्यात हातांवरची काजळी धुतली.

२९ मार्च

मिसेस डॅकमशी भांडण. त्यांनी शिडीवरून डोकं वर घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "ईऽ! हे सगळं धुवून घ्या हं. केकवर पडेल." मी म्हटलं, हा पुरावा आहे, इथे माणसं मेली आहेत. त्या म्हणाल्या, "मिस लॅशम, जुन्या घरात माणसं मरतातच. माझे मिस्टर न्याहारीच्या टेबलावर गेले, म्हणून मी टेबल जपून ठेवलं का?"

मग स्वयंपाकघरात गेले. मिसेस लव्हरिंग कोंबडी सोलत होत्या. या बाईकडून एक गोष्ट काढून घ्यायची म्हणजे भिंतीतून खिळा काढण्यासारखं आहे. अर्धं वाक्य बोलायच्या आणि पिसं उपटायच्या. जमवून जमवून निघालं ते असं. सहाशे वर्षांपूर्वी मोठ्या प्लेगने निम्मं गाव मेलं. उरलेल्यांनी दुप्पट वेठ करावी, मेलेल्यांच्या वाटणीची नांगरणीसुद्धा त्यांनीच करावी, असा तेव्हाच्या मालकाचा, सर ह्यूचा, हुकूम. लोक नाही म्हणाले. त्याने दालनात कचेरी भरवली, बायकामुलांसकट सगळ्यांना बोलावलं. दारंखिडक्या बाहेरून लावल्या, जाळावर ओलं गवत टाकलं, झरोका ठोकला.

"मारायचं नव्हतं त्याला," मिसेस लव्हरिंग म्हणाल्या. "थोडा धूर खातील न् ताळ्यावर येतील, एवढंच. वर त्या फटीशी बसून जेवत होता. मी सांगेन तेव्हा उघडा, म्हणाला."

मग? मी विचारलं.

"मग काय. नोकर दाराशी उभे. त्यानं सांगितलंच नाही."

हे मला आधी का नाही सांगितलं? मी अक्षरशः ओरडले. तर म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत जिना कुठाय. जिना नाहीच आहे. मी तेच सांगितलं."

२० एप्रिल

मजला पूर्ण निघाला. मी काम थांबवायचा विचार केला होता. थांबवलं नाही. खरं सांगायचं तर छप्पर खालून पाहायचा मोह आवरला नाही, आणि झालेल्या गोष्टीला सहाशे वर्षं झाली होती. पंजे धुवू दिले नाहीत, एवढं मात्र जिंकले.

दालन सुरेख दिसतं. दाराशी उभं राहिलं की नजर वर वर जाते. फक्त शिखराजवळ धुरकट आहे. लाकूड कापल्याची धूळ असणार.

६ मे

धूळ नाही.

सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या. आठवडाभर वारा आरपार वाहतोय, पडदे फडफडतात, आणि वरचं धुरकट जागचं हलत नाही. उलट खाली आलंय. पहिल्यांदा फक्त शिखर झाकलेलं होतं. आता वाकवलेले ओक दिसत नाहीत. खालची कड सपाट आहे, दुधावर साय यावी तशी.

व्हिडन म्हणतो, ओल. मिसेस डॅकम म्हणतात, वातावरणनिर्मिती. धुराडंवाल्याला बोलावलं, त्याने धुराडं साफ केलं, पैसे घेतले, वर बघितलं आणि चहाही न पिता गेला. कुणीही माझ्याशी सरळ बोलत नाही. मी आजकाल लोकांवर खेकसते. आज बदकांवर खेकसले.

उपाय एकच सुचतो. झरोका उघडायचा. धूर आहे, तर त्याला वाट द्यायची. उद्या नाही, परवा नाही. व्हिडनला पुढच्या गुरुवारी वेळ आहे.

१३ मे

आजचं क्रमाने लिहिते.

दुपारी बाहेरून परांची बांधून मी आणि सायलस छपरावर चढलो. व्हिडन आत, शिडीवर. ठरलं असं, की आम्ही बाहेरून खिळे उपसायचे, त्याने आतून झडप ढकलायची. तो धुरकटात शिरला तेव्हा मी अजून दालनात होते. आधी डोकं दिसेनासं झालं, मग कंबर, मग बूट. वरून ओरडला, "काही नाही गं पोरी, नुसता ओला वास आहे. चढ तू." आम्ही चढलो.

खिळे उपसले. सगळे. झडप हलेना. व्हिडन आतून ठोकत होता. मी म्हटलं, ढकला. तो म्हणाला, "ढकलतोय की." मग ठोके वाढले. एका माणसाचे दोनच हात असतात. सायलसने माझ्याकडे पाहिलं. झडपेच्या खालून, चारी बाजूंनी, ठोके. आणि मग व्हिडनचा आवाज, पण खेळकर नव्हता तो. "उघड. उघड पोरी. लवकर उघड."

पहार लावली, दोघांनी अंग टाकलं. झडप उघडली.

आत काही नव्हतं. धूर नव्हता, व्हिडन नव्हता. स्वच्छ रिकामं दालन, खाली टेबलं, उन्हाचे कवडसे. आम्ही धडपडत खाली उतरलो, दारातून आत पळालो. आतून पाहिलं तर वर धुरकट जसंच्या तसं. आणि झडप बंद.

सायलस शिडीवर चढला, व्हिडनला धुरकटातून खाली घेऊन आला. खाली आणलं तेव्हा व्हिडनचा जीव गेला होता. बोटांना नखं नव्हती.

१४ मे

डॉक्टर म्हणतात, हृदय. मी बोटं दाखवली. म्हणाले, सुतारांची असतात तशी.

छपरावर पुन्हा चढून पाहिलं. झडप बाहेरून उघडीच आहे. आतून बंद. मी लिहिलेलं पुन्हा वाचते आणि मलाच ते पटत नाही. पण तसंच आहे.

१९ मे

व्हिडनला पुरलं. त्याच्या बायकोने माझा हात धरला.

मिसेस डॅकमना सांगितलं, मजला परत घालायचा, तो वरचं वरच कोंडून ठेवायला घातला होता. फळ्या आहेत, लोकर आहे, डांबर मी माझ्या खर्चाने आणते. त्या हसल्या. "चहा आहे ना व्हिटसनच्या सोमवारी! आमंत्रणं गेली." चहा रद्द करा. नाही. अंगणात घ्या. नाही. "माझ्या दालनात घेणार."

मी निघून जायला हवं. बॅग भरली होती. मग चहाला येणारी साठ-सत्तर माणसं डोळ्यांपुढे आली आणि पुन्हा रिकामी केली. छत मी उघडलंय.

३० मे

धुरकट आता तुळयांच्या खाली.

मिसेस डॅकम आता दिवसभर वरच्या खोलीत असतात. जेवणही तिथेच. त्या फटीशी खुर्ची ओढून घेतली आहे. काय बघता विचारलं, तर म्हणाल्या, "इथून सगळं छान दिसतं." रिकाम्या दालनात काय छान दिसतं?

सायलसला म्हटलं, गावात सांग, येऊ नका. त्याने सांगितलं. पण येणार आहेत. त्यांची घरं तिच्या मालकीची, शेतं तिची. मालकिणीने बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं? आणि युद्धापासूनचं रेशन उठून साखर आता मोकळी मिळते, मिसेस लव्हरिंगने तीन दिवस केक भाजलेत. पोरांना कसं अडवणार? पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, विश्रांती घ्या मिस लॅशम. सगळेच म्हणतात, विश्रांती घ्या!

६ जून

ठरवलं. दारं मी उघडी धरणार. दोन्ही दारांच्या बिजागऱ्या सैल केल्या, म्हणजे मिटली तरी धक्क्याने निखळतील, सायलस एका दाराशी, मी दुसऱ्या. धूर खाली आला तर सगळ्यांना बाहेर. शिडी तुळईला लावून ठेवली आहे. पेन्सिल आणि ही वही खिशात. म्हणजे नंतर कुणी मला विश्रांती घ्या म्हणणार नाही.

मिसेस डॅकमना विचारलं, तुम्ही खाली येणार ना? म्हणाल्या, भाषण वरून करीन. आणि भाषण चालू असताना कुणी उठून जायचं नाही. "मी सांगेन तेव्हाच दारं उघडायची."

मी त्यांना म्हटलं, हे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं? त्यांना माझं बोलणं कळलंच नाही. खरंच कळलं नाही.

७ जून, दुपार

तुळईवर बसून लिहितेय. शिडी पडली. सायलस दुसरी आणायला गेलाय. सगळे बाहेर आहेत. सगळे. मी मोजले नाहीत, पण दालन रिकामं आहे, टेबलावर केक तसेच. बाहेर पोरं रडतायत, म्हणजे जिवंत आहेत.

झालं ते असं. चहा ओतून होईस्तोवर काही नाही. लोक हसत होते. मग वरच्या फटीतून बाईंचं भाषण सुरू झालं, आणि खिडक्यांसकट दारं मिटली. आम्ही धरली होती. दोघांनी अंग घातलं होतं. मिटलीच. बिजागऱ्या नसल्यासारख्या होत्या तरी दारं हलेनात. धुरकट एका झटक्यात माणसांच्या डोक्यांवर आलं. लोक दारावर तुटून पडले. मी ओरडले, झोपा, जमिनीला तोंड लावा, पोरांना खाली दाबा. मिसेस लव्हरिंगने मला साथ दिली, देव भलं करो तिचं, तिने एकेकाला मानगुटीला धरून आडवं केलं. वरून भाषण चालूच. आवाज बदलला नाही. मी हात जोडले, दारं उघडायला सांगा. ती कप ठेवून पुन्हा बोलू लागली.

मग चढले. बाहेरून उघडून उपयोग नाही, हे व्हिडनने शिकवलं होतं. आतूनच उघडायला हवी होती. धुरात डोळे मिटून चढले. तुळईवर हाताला हात लागले. थंड. मी किंचाळले नाही, श्वासच नव्हता. वाटलं ओढतील. त्यांनी ओढलं नाही. सरकले. मला जागा दिली. झडपेला तळवे लावले तर माझ्या हातांवर त्यांचे हात. एकदम. सगळे एकदम.

उघडली.

आभाळ! इतकं निळं. धूर गालांना घासून वर गेला, एकेक, एकेक. शेवटचा फार छोटा होता. खाली दारं आपोआप उघडली, लोक धडपडत बाहेर. कुणाचा तरी पाय लागून शिडी गेली.

आता कोणी नाही इथे. शांत आहे. खूप दिवसांत इतका मोकळा श्वास—

सायलस अजून येत नाही.

खिडक्या, दारं मिटली. वाऱ्याने असतील.

वर कौलांवर पावलं. सायलस बाहेरून आला वाटतं. हाक मारली. ओ नाही.

झडप खाली येतेय. पाठ लावली— जड— हाताला कुणाचे हात नाहीत आता. ते गेले सगळे. मीच सोडलं त्यांना.

बंद. अंधार नाही, वरच्या खोलीच्या त्या फटीतून थोडा उजेड. त्या बसल्यात तिथे. माझ्याकडे बघतायत. चेहरा शांत. मिसेस डॅकम, मी ओरडले. ऐकतायत त्या, नक्की ऐकतायत.

ओल्या गवताचा वास.

वर ठोका. खिळ्याचा. पुन्हा— त्यांना म्हटलं एक शब्द, फक्त एक शब्द सांगा कुणाला तरी, त्यांनी कप उचलला आणि—

दुसरा खि